व्हीटेक ठेवावी की पाच तारे घ्यावेत?

प्रश्न : माझ्याकडे २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. एमएच-३१ पासिंग, बाबांनी शोरूममधून नवी घेतलेली, १,३८,००० किमी झालेत. इंजिन खणखणीत आहे, पण एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. रोज प्रतापनगर ते बुटीबोरी आणि महिन्यातून एकदा समृद्धीने कारंजा लाडला सासरी जाणं होतं. मुलगी चार वर्षांची. घरचे म्हणतात, विकून टाका. अडीच लाख घालून हीच नव्यासारखी करावी, की अकरा लाखांपर्यंत वापरलेली फोक्सवॅगन व्हर्टस १.० टर्बो घ्यावी? मित्र म्हणतात जुन्या गाडीचा पत्रा जाड, समृद्धीवर तीच बरी. मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडू, जान आणू. सोसायटीत पार्किंग एकच आहे.
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : व्हर्टस घ्या. सिटीचं काय करायचं ते तिच्या पत्र्याखालचा गंज ठरवेल, मेकॅनिक नाही.

आधी तो जाड पत्र्याचा विषय. या सिटीचा पत्रा जाड कधीच नव्हता. गाडी जेमतेम टनभर वजनाची, म्हणून तर १०६ अश्वशक्तीत ती अशी उडते. २००३च्या अखेरीस नवी सिटी आली तेव्हा इंजिन ७७ अश्वशक्तीवर उतरलं, आणि जुन्या व्हीटेकवाल्यांनी आपल्या गाड्या अजून घट्ट धरल्या. ते प्रेम समजण्यासारखं आहे. पण धडकेत वाचवतं ते पत्र्याची जाडी नव्हे. पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळायला हवा आणि माणसं बसतात ती चौकट जशीच्या तशी राहायला हवी. शिवाय धडकेच्या क्षणी पट्टा आधी आवळला जावा आणि मग छातीवर जास्त जोर न येऊ देता थोडा सैल सुटावा, ही सोय लागते. तुमच्या सिटीत यातलं फार थोडं आहे आणि ते मागाहून बसवता येत नाही. एअरबॅग बसवून देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा. सेन्सर, कंट्रोल युनिट, स्टिअरिंग, पट्टे आणि बॉडी यांची एकत्र चाचणी झालेली नसेल तर एअरबॅग वेळेवर फुटत नाही, किंवा नको तेव्हा फुटते.

तुम्ही काळजी समृद्धीची करताय, पण हिशेब मांडून पाहा. कारंजा येऊन-जाऊन चारेकशे किमी, तेही महिन्यातून एकदा. बुटीबोरी रोजचे पन्नासेक, म्हणजे महिन्याला बाराशेच्या वर, आणि तेही वर्धा रोडच्या ट्रकांमधून, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या चुकवत. चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसची गरज तिथे जास्त पडते. जोरात ब्रेक दाबला की सिटीची चाकं लॉक होतात, आणि लॉक झालेल्या चाकाने गाडी वळत नाही. तेव्हा रोजचं ऑफिसही नव्या गाडीतूनच.

समृद्धीवर मोटारींना १२०ची मर्यादा आहे. ८० ऐवजी १२०ने धडक झाली तर जिरवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोनपट होते. आणि धडक-चाचणीत पाच तारे मिळतात ती समोरची धडक ६४च्या वेगाने घेतलेली असते, हेही लक्षात असू द्या. व्हर्टसला गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एप्रिल २०२३मध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे पाच तारे दिले, बॉडीही स्थिर ठरली. त्याच वर्षी ह्युंदाई व्हर्नालाही पाच तारे मिळाले, पण तिची बॉडी अस्थिर म्हणून नोंदली गेली. त्यामुळे तारे मोजून थांबू नका, अहवालातला बॉडीचा शेरा वाचा. १.० टर्बोचे ११५ अश्वशक्ती तुम्हाला कागदावर सिटीसारखेच वाटतील, पण ओढ खालच्या आरपीएमलाच मिळते. वर ताणत नेण्याची मजा तिच्यात नाही, हे मनाशी आधीच कबूल करा. मुलीची सीट गाडीच्या मागच्या सीटवर आयसोफिक्सच्या (मुलांची सीट अडकवायच्या) कड्यांना लावा आणि मागे वरची टेदर पट्टीही अडकवा. ती बहुतेक घरांत लोंबकळतच असते.

आता सिटी. एक रुपया घालण्याआधी गाडी रॅम्पवर चढवा. दारांखालच्या सिल, मागच्या चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा, सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात ती जागा आणि पुढच्या सस्पेन्शनचे वरचे माउंट, एवढं बघायचं. फ्रीजवरचा छोटा चुंबक कापडात गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे तो सुटतो तिथे पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत पोकळ. नागपूरची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाड्यांसारखी चाळण होत नाही. पण चाकांच्या कमानीत पावसाळ्याचा चिखल वर्षानुवर्षं बसून राहतो आणि सिलमधली पाणी जायची भोकं बुजतात. सिल किंवा पट्ट्याची जागा गेली असेल तर इथेच थांबा. अडीच लाख काय, पाच घातले तरी ती गाडी धडकेत उभी राहणार नाही. जो गंज पुसून, वर पॅच मारून रंगवतो त्याच्याकडे तर जाऊच नका.

बॉडी निभावली तर इंजिन उघडायचं नाही. चालणारं इंजिन ‘जान आणायला’ उघडणं हा गॅरेजवाल्यांचा आवडता उद्योग आहे. आधी फक्त कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तर इंजिनच्या हेडला हात लावू देऊ नका. खर्च करायचा तो टायमिंग बेल्टवर. किलोमीटर कमी असले तरी पाच-सहा वर्षांत बेल्ट बदलायचा, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बेल्टबरोबर टेन्शनर, वॉटर पंप आणि कॅम-क्रँकचे ऑइल सील एकदमच. पंप त्याच बेल्टवर फिरतो, तो नंतर गळला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. क्रँक पुलीचा बोल्ट वर्षांच्या उष्णतेने असा बसलेला असतो की साध्या पान्याने हलत नाही. पुली धरायचं हत्यार आहे का, हे मेकॅनिकला आधी विचारा. छिन्नी-हातोडा काढणारा पुलीच्या कडा फोडून ठेवतो.

नागपूरच्या उन्हात या पिढीच्या होंडांचा एक ठरलेला आजार आहे. मे महिन्यात गाडी दोन तास उन्हात उभी राहिली की स्टार्टर फिरतो, गाडी पकडत नाही. संध्याकाळी आपोआप सुरू. लोक गाडीतला पेट्रोलचा पंप बदलतात, प्लग बदलतात. बहुतेक वेळा दोष डॅशबोर्डखालच्या मेन रिलेत, म्हणजे त्या पंपाला वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये असतो. आतल्या सोल्डरला केसासारखी गोल चीर पडलेली असते, तापलं की ती उघडते. ओळख सोपी आहे. चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा दोन सेकंद ‘घुंऽऽ’ आवाज यायला हवा. गरम गाडीत तो आला नाही आणि गार गाडीत आला, तर रिले काढून सांधे पुन्हा सोल्डर करून घ्या. चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल तर संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या इग्नायटरवर.

आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. आपल्याकडे ‘गरमी फार’ म्हणून तो काढून फेकायची पद्धत आहे. मग इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि कूलंट पुरेसं गरम झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) व्हीटेक, म्हणजे वरच्या आरपीएमला जास्त दम देणारी व्हॉल्व्हची यंत्रणा, लावतच नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी गाडी सांभाळताय तीच बंद. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, त्याचे क्षार आतल्या नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं.

२०% इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ही गाडी बनलेली नाही. टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग इथेनॉलला चालतील अशा घ्या, फिल्टर बदला. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, तेव्हा सरासरी थोडी घटणारच. ट्यूनिंगवाल्याकडे धावू नका.

उरलेल्या पैशात ब्रेकचे रबरी होज, नवं ब्रेक ऑइल (दर दोन वर्षांनी, कारण तेही पाणी ओढतं), खालच्या आर्मचे बुश, चार नवे टायर. चौघांचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहा. कडा उसवलेल्या किंवा पट्टा सावकाश परत जात असेल तर बदला. लोअरिंग स्प्रिंग, मोठा एक्झॉस्ट यातलं काहीही नको.

कागदांचं म्हणाल तर २००२ची गाडी २०१७ आणि २०२२मध्ये नूतनीकरण झालेली असणार, म्हणजे पुढचं २०२७. वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५मध्ये १०,००० रुपये केलं. पर्यावरण कर वेगळा, आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर ती आधी. विमा थर्ड पार्टी पुरे; १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी. जोडीला मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे ना, तेवढं बघा.

राहिलं पार्किंग, आणि खरी अडचण तीच आहे. कव्हर घालून रस्त्यावर उभी केलेली गाडी नागपुरात दोन उन्हाळ्यांत संपते. डॅशबोर्डला तडे जातात, दारांचे रबर कडक होतात, पावसाळ्यात कव्हरखाली दमटपणा कोंडतो. छप्पर मिळालं तर ठेवा. आठवड्यातून एकदा पहाटे अर्धा तास फुटाळा-सेमिनरी हिल्स फिरवून आणा. नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवून उपयोग नाही, एक्झॉस्टमध्ये पाणी साचतं. वेग ८०च्या आत, आणि मुलगी बरोबर नाही. छप्पर नाही मिळालं तर २०२७ची वाट न बघता आत्ताच एखाद्या व्हीटेकवेड्याला द्या, भंगारात नको. चालू अवस्थेतल्या या गाडीला गिऱ्हाईक आहे.

प्रश्न : वापरलेली गाडी बघतोय. एअरबॅग अपघातात फुटून गेल्या असतील तर कसं ओळखायचं?
— मनीषनगर

उत्तर : चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर दोष आहे. लागलाच नाही तर जास्त वाईट, दिवा मुद्दाम काढलेला असतो. कधी त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात, मग दोन्ही एकाच क्षणी विझतात, ते नीट बघा. स्टिअरिंगच्या मधलं झाकण आणि पॅसेंजरकडचा डॅशबोर्ड उन्हात बाजूने निरखा. रंगाचा पोत बाकीपेक्षा वेगळा असेल तर झाकण बदललेलं आहे. पट्टा पूर्ण ओढून मुळाशी शिवलेल्या लेबलावरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळवा. शेवटी स्कॅनर लावून एअरबॅग युनिटमधले कोड वाचून घ्या आणि मालकाकडून विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. तो द्यायला का-कू करत असेल तर दुसरी गाडी बघा.

प्रश्न : समृद्धीवर जाताना टायर गरम होतात म्हणून हवा कमी ठेवावी का? नायट्रोजन भरावा का?
— हिंगणा रोड

उत्तर : कमी ठेवूच नका. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, त्यानेच तो तापतो आणि फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा सकाळी थंड टायरमध्ये भरा, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल तर तो. वाटेत गरम टायर तपासला तर आकडा वाढलेला दिसेल, तेव्हा हवा सोडू नका. नायट्रोजनने टायर थंड राहत नाही, गळती थोडी कमी होते इतकंच. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात. ‘१८१९’ म्हणजे २०१९चा अठरावा आठवडा. इतका जुना टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी समृद्धीवर नेऊ नका, स्टेपनीत असला तरी.