केसपेपरवर ‘एजीई’ लिहिलंय, म्हणजे पोटाचा फ्लू का?

हो, तेच. एजीई म्हणजे अ‍ॅक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस, आपल्या बोलण्यातला ‘गॅस्ट्रो’. ग्रीकमध्ये ‘गॅस्टर’ म्हणजे जठर, ‘एन्टेरॉन’ म्हणजे आतडं. शेवटचं ‘आयटिस’ दाह दाखवतं. म्हणून मराठी प्रतिशब्द जठरांत्रदाह, पण तो पुस्तकातच राहिला. घरात ‘जुलाब-उलट्या’ आणि पावसाळ्यात पेपरात ‘गॅस्ट्रोची साथ’. ‘अ‍ॅक्यूट’ला घाबरू नका, त्याचा अर्थ अचानक सुरू झालेला, गंभीर असा नव्हे. फ्लू म्हणणं मात्र फसवं आहे: इन्फ्लुएन्झा श्वसनमार्गाचा आजार, तर इथे बहुधा नोरोव्हायरस किंवा रोटाव्हायरस असतो. अर्थात गॅस्ट्रो जिवाणूंमुळेही होतो, त्यामुळे दर वेळी ‘पोटाचा फ्लू’ म्हणणं बरोबर ठरत नाही. शौचातून रक्त पडत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.