आजीला मखरात बसवू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मजकूर सावकाश वाचला. आजीच्या वर्षश्राद्धाला घरच्यांसाठी पुस्तिका काढायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. पण या मजकुरात तुझी आजी मला भेटली नाही. ‘अत्यंत धार्मिक, सोज्ज्वळ, मायाळू, सगळ्यांना धरून राहणारी’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही आजीच्या फोटोखाली छापता येईल. तू तिला मखरात बसवून टाकलंस. तिच्यावर तुझी माया आहे म्हणूनच हे झालंय, हे मला कळतं. तरी तिला खाली उतरव.

ती माळकरी होती, हे तू एका ओळीत उरकलंस. खरं तर सुरुवात तिथूनच होते. माळ तिनं कधी घातली, कुणाच्या हातून घातली, आणि त्या आधी घरात काय बोलणं झालं? तुळशीची माळ गळ्यात पडली की मांसमच्छी सुटते, एकादशी लागते, वारी लागते. शेतकऱ्याच्या भरल्या घरात एका सुनेनं माळ घातली, तेव्हा बाकीच्यांच्या मटणाचं काय झालं? वेगळी चूल मांडली, की स्वतः न खाता तीच रांधून वाढत राहिली? सासूनं ते चालू दिलं का? तिची भक्ती या असल्या प्रश्नांच्या उत्तरांतच सापडेल. ‘पहाटे चारला उठून हरिपाठ म्हणायची’ हे छान आहे, पण पहाटे चारला तिनं आणखी काय काय केलं तेही विचार. शेण काढताना म्हणायची, की सगळं आवरून देवापुढे बसायची? तुझ्या वडिलांना ते आठवत असेल, कारण लहानपणी ते त्याच आवाजानं जागे होत असणार.

वारीचंही तसंच. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. म्हणजे बाई अडीच-तीन आठवडे घराबाहेर, आणि तेही ऐन पेरणीच्या दिवसांत. तिच्या मागे भाकऱ्या कोण करायचं? धारा कोण काढायचं? पहिल्या वर्षी तिला जाऊ कुणी दिलं? माझी खात्री आहे की यात तुझ्या धाकट्या चुलत आजीचा मोठा वाटा निघेल. तिला बोलतं कर, आणि लवकर कर, तिचंही वय झालंय.

घरच्यांना ठाऊक नसलेली आजी दिंडीतल्या बायकांना ठाऊक असते. त्या वर्षानुवर्षं तिच्या शेजारी राहुटीत झोपल्या, टँकरपाशी तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या, दिवेघाट चढल्या. घरात कधी न काढलेलं दुःख तिनं तिथे काढलं असेल, घरात कधी न खेळलेली फुगडीही तिथे खेळली असेल. दिंडी कितव्या नंबरची होती, ते घरात कुणालाही सांगता येईल. दिंडीप्रमुखांकडे भिशीची वही असते, जेवणाखाण्याचे पैसे कुणी भरले ते त्यात लिहिलेलं असतं. त्यावरून बरोबरीच्या बायकांची गावं काढ आणि जाऊन ये. फोनवर त्या बोलणार नाहीत, दारात गेलास की उठू देणार नाहीत.

आता ओव्या. तू लिहिलंस, ‘आजीला खूप ओव्या यायच्या’. एकही दिली नाहीस. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तो संग्रह लाखाच्या वर गेला. ओव्या रचणाऱ्या, गाणाऱ्या त्या बायका तुझ्या आजीसारख्याच घराघरांतल्या होत्या. पाटावर बसवून, समोर मोबाइल धरून ‘म्हणा’ म्हटलंस तर आत्याला दोनच आठवतील. जातं बाहेर काढ, मूठभर धान्य घाल, दोघीजणी समोरासमोर बसू देत. हात फिरायला लागला की ‘पहिली माझी ओवी’पासून एकामागून एक येत जातात. आणि बहिणीला बरोबर ने. सासरच्या जाचाच्या, नवऱ्याच्या ओव्या बायका पुरुषमाणसासमोर म्हणायच्या नाहीत, आणि नेमक्या त्याच तुला हव्यात. ऐकलेलं जसंच्या तसं उतर, शुद्धलेखन सुधारायला जाऊ नकोस.

तिची जन्मतारीख शोधण्यात तू बराच वेळ घालवलास. कागदावरची 1 जून ही तारीख बहुधा शाळेत गुरुजींनी लावलेली असणार, राज्यातल्या अर्ध्या म्हाताऱ्या माणसांची तीच असते. त्याऐवजी मोठ्या घटनांना धरून विचार. कोयनेचा भूकंप झाला, 1967 च्या डिसेंबरात, तेव्हा कडेवर कोण होतं? 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती का, घरात सुकडी आली होती का, त्या साली वारी चुकली का? असं विचारलंस की सालं आपोआप जागेवर बसतील.

दोन गोष्टी तुला जड जातील, पण त्या टाळू नकोस. एक तिच्या सोवळ्याची. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. त्याच काळाच्या आसपास वाढलेली तुझी आजी दारात आलेल्या माणसाला पाणी कसं द्यायची? वरून ओतायची, की तांब्या हातात द्यायची? पुढे ती बदलली असेल तर केव्हा आणि कशानं? चोखोबांच्या समाधीपाशी डोकं टेकणाऱ्या बाईच्या आयुष्यात हा प्रश्न आलाच असणार. उत्तर गैरसोयीचं निघालं तरी लिही. तेवढ्यानं तिच्यावरची माया कमी होईल, इतकी ती कच्ची नाही.

दुसरी गोष्ट तू कंसात टाकलीस: तुझा एक काका लहानपणीच गेला. त्या वर्षी ती पंढरीला गेली का? गेली असेल तर विठोबाला काय म्हणाली? जनाबाईनं त्याला ‘कारट्या’ म्हटलं, शिव्या दिल्या, म्हणून तिची भक्ती कुणी उणी मानली नाही. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांतून नवऱ्याची मारहाणसुद्धा सांगून ठेवली आहे. आपल्याकडच्या भक्त बायकांनी स्वतःचं दुःख लपवलेलं नाही, मग नातवानं आजीचं का लपवावं? मात्र हे विचारताना घाई नको. आत्या गप्प झाली तर तूही गप्प बस, दुसऱ्या दिवशी ती आपणहून बोलेल. बोलली नाही तर तो भाग रिकामा राहू दे, कल्पनेनं भरू नकोस.

फोटो कमी घाल. जेवणाच्या पंगतीतला, तिची पाठ दिसणारा, तो मात्र ठेव.

मुखपृष्ठावर सासरचं नाव टाकलंस, त्याखाली माहेरचंही टाक. लग्नात तिचं नाव बदललं होतं, हे तुझ्याच पत्रातून कळलं, पण जुनं नाव काय ते तू लिहिलं नाहीस. तुलाही माहीत नसावं. तिचा भाऊ अजून आहे ना? मग पहिली फेरी त्याच्याकडे कर. वर्षश्राद्धापर्यंत पुस्तिका झाली नाही तरी चालेल, पुढच्या आषाढीला काढू. आधी रेकॉर्डिंग पाठव, मजकूर नंतर पाहीन.

तुझा,
काका