गिअरचं नंतर बघू, आधी टायर, छर्रे आणि ब्रेक

भावा, तुझं सगळं वाचलं. चुलतभावाची सव्वीस इंची गिअरची सायकल दोन वर्षं जिन्याखाली पडून आहे. रंकाळ्यावरून गोकुळ शिरगाव एमआयडीसीत रोज तिच्यावरून कामाला जायचंय, हातात चार हजार आहेत आणि दुकानदार म्हणतोय पुढचा शॉकअप आणि गिअरचा अख्खा सेट बदला. माझं ऐकशील तर या दोन्हींवर आत्ता एक रुपया घालू नकोस. मी अशीच जुनी सायकल बरीच वर्षं शिरोलीला नेतोय, शॉकअप अजून मूळचाच आहे.

सगळ्यात आधी सायकल उलटी करून फ्रेम बघ. हँडलखालच्या नळीजवळची आणि पायडलच्या एक्सलजवळची वेल्डिंग फडक्यानं पुसून उजेडात बघ. रंगाला केसाएवढी चीर दिसली आणि पुसून गेली नाही, तर तिथंच थांब, ती सायकल रोजच्या रस्त्याची नाही. वरवरचा गंज चालतो.

आता टायर. डोंगरातल्या रस्त्यासाठी केलेले ते जाड गोट्यांचे टायर डांबरावर घुंऽऽ आवाज करत तुझी निम्मी ताकद खातात. त्याजागी गुळगुळीत, दीड इंच रुंदीचे घाल. एका बाजूला दहा-बारा किलोमीटर जाणार आहेस, पहिल्याच दिवशी मांड्यांना फरक कळेल. पण घेताना आकडा नीट वाच. तुझ्या टायरवर २६ × १.९५ असं दशांशात लिहिलेलं असेल, तर नवीनही दशांशातलाच, म्हणजे २६ × १.५० घे. साध्या सायकलींना २६ × १-३/८ असा अपूर्णांकातला टायर येतो. दोन्ही सव्वीसच म्हणवतात, पण पहिला ५५९ मिलिमीटरच्या रिमला बसतो आणि दुसरा ५९० च्या. दुकानात घाईत चुकीचा हातात पडतो आणि घरी येऊन माणूस तासभर झटापट करत बसतो. हवा टायरच्या कडेला लिहिलीय तेवढी भर. हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलास की ट्यूब रिमला चेपून पंक्चर होणारच.

दुसरा खर्च छर्रे, म्हणजे चाकाच्या एक्सलभोवती फिरणाऱ्या बेअरिंगच्या लोखंडी गोळ्या, आणि ग्रीसचा. हे मी जरा तळमळीनं सांगतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत आमच्याकडं पुराचं पाणी आलं, सायकल चार दिवस पाण्यात होती. पाणी उतरल्यावर धुतली, चेनला तेल सोडलं आणि चालवायला घेतली. दिसायला ठणठणीत. दीड महिन्यात मागचं चाक खरखरायला लागलं. उघडलं तर ग्रीसच्या जागी गाळ, छर्र्यांची चकाकी गेलेली आणि छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनला खड्डे पडलेले. वेळेवर उघडलं असतं तर ग्रीसवर भागलं असतं. तुझी सायकल पुरात नव्हती, पण दोन वर्षांत ग्रीस वाळून मेणासारखं होतं. चाक काढून एक्सल दोन बोटांत धरून फिरव, रवाळ लागलं की उघडायचं. छर्रे स्वस्त असतात, जुने परत घालू नको. बहुतेक हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, मागे प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ आणि पुढे ३/१६ इंची दहा लागतात. पावसाळा संपला की हे दरवर्षी कर.

ब्रेकच्या वायरी, आतली तार आणि बाहेरचं आवरण, दोन्ही नव्या घाल. आत पाणी शिरून गंजलं की लिव्हर दाबल्यावर परत येत नाही, आणि ते नेमकं गर्दीतच होतं. रबरं कडक झाली असतील तर तीही बदल. डिस्क ब्रेक असेल तर चेनला तेल सोडताना डिस्कवर एक थेंबही उडू देऊ नको.

चेन बदलायची का ते स्वतःच मोज. साधी पट्टी घे, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेव. नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचावर पिनेचा मध्य येतो. ती पिन १/१६ इंच पुढं सरकली असेल तर फक्त चेन बदल. १/८ सरकली असेल तर मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चक्रंही झिजलीत, दोन्ही एकदम बदलावं लागेल. दुकानदाराचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरेल, तेही मोजल्यावरच.

पुढं-मागं लांब मडगार्ड घाल. आपल्या पावसात त्यांच्याशिवाय कामावर जाणं म्हणजे पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन शिफ्ट करणं. आणि मागचा लाल दिवा, चांगला झगझगीत. गळीत हंगामात संध्याकाळी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तुझ्या शेजारून जाणार आहेत. उजळाईवाडीच्या पुढं शक्यतो सर्व्हिस रोड धर.

पायडल काढायची वेळ आली तर डावं उलट्या आट्याचं असतं, जोर करून आटे मारू नको.

आज घरी गेलास की टायरच्या कडेचा आकडा आणि चेनचं माप लिहून टाक. चार हजारात काय काय बसतंय ते मग नीट सांगतो.