रिकॉलचे पत्र आले, पण टाकीचे काम होत नाही

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी मी चार वर्षांपूर्वी नवी घेतली. टाकीवर इंधनपंप जिथे बसवलेला असतो, तिथल्या प्लास्टिकच्या फ्लँजला (पंप टाकीला घट्ट बसवणाऱ्या कड्याला) तडा जाण्याची शक्यता असून तो भाग विनामूल्य बदलून दिला जाईल, असे कंपनीचे पत्र मला आठ महिन्यांपूर्वी आले. सर्व्हिस सेंटर दर वेळी ‘भाग आलेला नाही’ असे सांगते. टाकी पूर्ण भरली की मागच्या सीटपाशी पेट्रोलचा वास येतो. तशी तक्रार केल्यावर त्यांनी गाडी ठेवून घेतली आणि ‘तपासणी केली, गळती आढळली नाही’ असे लिहिलेल्या जॉब कार्डावर (कामाच्या नोंदपत्रावर) माझी सही घेतली. टाकी अर्ध्याहून जास्त भरू नका, असे मात्र तोंडी सांगितले. रिकॉल झालेल्या, म्हणजे दोषामुळे कंपनीने परत बोलावलेल्या, गाडीची पूर्ण किंमत परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे, असे माझ्या वाचनात आले. तसे करता येईल का? तोवर गाडी चालवल्यास आणि काही झाल्यास विमा मिळेल का?

उत्तर : आपली बाजू एका बाबतीत आपल्याला वाटते त्यापेक्षा बळकट आहे आणि एका बाबतीत कमकुवत. गाडीत उत्पादनदोष आहे हे सिद्ध करता न आल्यामुळे वाहनांविषयीच्या अनेक ग्राहक तक्रारी फेटाळल्या जातात. आपल्या बाबतीत ते ओझे कंपनीने स्वतःच्या पत्राने बरेचसे हलके केले आहे. पत्रात ‘खबरदारीचा उपाय म्हणून’ अशी शब्दयोजना असली, तरी आपल्या चासी क्रमांकाची गाडी सदोष भागांच्या तुकडीत मोडते आणि तो भाग बदलणे आवश्यक आहे, एवढे त्यातून निश्चित होते. हे पत्र, ते ज्या पाकिटातून आले त्या पाकिटासह, जपून ठेवावे.

कमकुवत बाजू किंमत परत मागण्याची आहे. आपण जे वाचले ते मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि १ एप्रिल २०२१ पासून अमलात आलेल्या कलम ११०-अ विषयीचे असावे. त्यात किंमत परत करणे, गाडी बदलून देणे किंवा दुरुस्त करून देणे हे पर्याय आहेत खरे; पण ते केंद्र सरकारने आदेश काढून गाडी परत बोलावायला लावली असेल तेव्हाचे आहेत. कंपनीला दोष स्वतःहून लक्षात आला, तर तिने सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचे असते आणि मग तिला या कलमाखालचा दंड होत नाही. आपल्याकडचे बहुतेक रिकॉल याच दुसऱ्या प्रकारचे असतात आणि आपल्या पत्रावरून हाही तसाच दिसतो. शिवाय सरकारी आदेशाच्या प्रसंगीसुद्धा तीन पर्यायांतला कोणता, हे निवडण्याचा अधिकार गाडीमालकाला आहे, असे कलमात कुठेही म्हटलेले नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे स्वेच्छेने जाहीर केलेल्या रिकॉलचे काम प्रत्येक मालकाला किती दिवसांत करून द्यायचे, याची मुदत या कलमात नाही. रिकॉल जाहीर होणे आणि रिकॉल पार पडणे यांतल्या याच अंतरात आपण अडकला आहात. अमेरिकेत जुलै २०१५ मध्ये फियाट क्रायस्लर कंपनीवर तेवीस रिकॉल नीट न हाताळल्याबद्दल १०.५ कोटी डॉलरपर्यंतच्या दंडाची कारवाई झाली होती, आणि त्यांत मागच्या बाजूच्या इंधनटाकीमुळे गाजलेल्या जीप गाड्यांचाही समावेश होता. आपल्याकडे मात्र अशा दिरंगाईतून मार्ग प्रत्येक मालकाला ग्राहक आयोगातून स्वतःच काढावा लागतो.

तिथे जाण्यापूर्वी जॉब कार्डाचे निस्तरावे लागेल, कारण कंपनीचे वकील पहिल्यांदा तोच कागद पुढे करतील. फ्लँज टाकीच्या वरच्या अंगाला असतो. टाकी अर्धी असताना पेट्रोल तडा गेलेल्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. ते पोहोचते टाकी काठोकाठ भरल्यावर, चढावर किंवा वळणावर. आपली गाडी तपासली तेव्हा टाकीत किती पेट्रोल होते, याची नोंद जॉब कार्डावर इंधनकाट्याच्या चौकटीत बहुधा असतेच. आपण पाठवलेल्या प्रतीत काटा पावभरावर दाखवलेला आहे. म्हणजे ‘गळती आढळली नाही’ हे वाक्य कदाचित खरे असेल, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. आता सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच वेळी ई-मेल करून, पूर्ण भरलेल्या टाकीनिशी आपल्यासमोर फेरतपासणी करण्याची मागणी करावी. नवे जॉब कार्ड उघडताना तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, आणि निष्कर्ष मान्य नसेल तर सहीशेजारी ‘निष्कर्ष अमान्य, गाडी परत घेण्यापुरती सही’ एवढे लिहावे. सर्व्हिस ॲडव्हायझर कुरकुर करील, करू द्यावी.

त्याच ई-मेलमध्ये आणखी एक वाक्य घालावे : ‘अमुक तारखेला आपल्या अमुक कर्मचाऱ्याने मला टाकी अर्ध्याहून अधिक न भरण्याची सूचना केली; ही सूचना कंपनीची नसल्यास तसे सात दिवसांत लेखी कळवावे.’ तोंडी सल्ला कागदावर आणण्याचा याहून साधा उपाय माझ्या माहितीत नाही. कंपनीने होकार दिला तर गाडी पूर्णपणे वापरण्याजोगी नाही हे तिने मान्य केले असे होते, नकार दिला तर सर्व्हिस सेंटर उघडे पडते, आणि उत्तरच दिले नाही तर आपला मजकूर निर्विवाद राहिला असा युक्तिवाद आपल्याला करता येतो.

कंपनीला थेट लिहिण्याचे दुसरेही कारण आहे. टाटा मोटर्स विरुद्ध अंतोनियो पाउलो वाझ या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, कंपनी आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यावसायिकांचे असेल, तर विक्रेत्याच्या चुकीची जबाबदारी, कंपनीला ती माहीत होती हे दाखवल्याशिवाय, तिच्यावर टाकता येत नाही. सदोष भाग ही कंपनीची जबाबदारी आहेच. पण आठ महिन्यांची टाळाटाळही तिच्या गळ्यात घालायची, तर ती तिला वेळोवेळी कळवल्याचे पुरावे हवेत. तक्रारीत कंपनी आणि विक्रेता या दोघांनाही सामनेवाले (प्रतिवादी) करावे आणि कोणाचे काय चुकले ते स्वतंत्र परिच्छेदांत मांडावे.

तक्रार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली, आपण राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात ऑनलाइन दाखल करता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग पुरतो. तक्रारीचा पाया मात्र विचारपूर्वक निवडावा लागतो. ‘उत्पादन दायित्व’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची उत्पादकावरील जबाबदारी) हे या अधिनियमातले नवे प्रकरण आकर्षक वाटते आणि बरेच तक्रारदार (कधी कधी त्यांचे वकीलसुद्धा) त्याकडेच धाव घेतात. परंतु त्या प्रकरणातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. सुदैवाने आपल्याकडे आग लागलेली नाही, कोणी जखमी झालेले नाही. त्यामुळे तो दावा आज टिकणार नाही. आपली तक्रार वस्तूतील दोष आणि सेवेतील त्रुटी या जुन्या, वहिवाटीच्या वाटेनेच जावी.

मागण्यांतही क्रम असावा. आयोगाने ठरवलेल्या तारखेच्या आत भाग बदलून द्यावा आणि कामाची लेखी हमी द्यावी, ही मुख्य मागणी. तोवर पर्यायी गाडी किंवा प्रवासखर्च मिळावा, यासाठी कलम ३८ खाली अंतरिम आदेशाचा स्वतंत्र अर्ज तक्रारीसोबतच द्यावा, कारण आपली खरी निकड तीच आहे. मनस्ताप आणि खर्चाची भरपाई त्यानंतर. किंमत परत मिळणे किंवा गाडी बदलून मिळणे ही फक्त पर्यायी मागणी ठेवावी. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द करून सदोष भाग बदलणे आणि ५० हजार रुपये प्रवासखर्च एवढेच मंजूर केले होते. याउलट ह्युंदाई विरुद्ध शैलेंद्र भटनागर या २०२२ च्या प्रकरणात, अपघातात एअरबॅग न उघडल्याबद्दल गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. सुरक्षेशी निगडित भागाला न्यायालय वेगळे वजन देते, हे सांगायला तो निकाल आपल्याला उपयोगी पडेल. परंतु तिथे अपघात घडलेला होता, हा फरक सामनेवाले दाखवून देणारच.

तक्रार दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. ती कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो. आपण कंपनीच्या पत्राची तारीख धरून चालावे आणि ‘भाग पुढच्या महिन्यात येतोय’ या आश्वासनांवर त्यातले आणखी महिने घालवू नयेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंदवलेल्या तक्रारीने कधी कधी भाग चटकन उपलब्ध होतो, म्हणून ती जरूर नोंदवावी. मात्र तिने मुदत थांबत नाही. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरही दोष नोंदवावा. तिथून आपल्याला भरपाई मिळणार नाही, परंतु त्याच तुकडीच्या पुरेशा मालकांनी नोंद केल्यास सरकारी चौकशीला आधार मिळतो. ही सोय सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना आहे आणि आपली गाडी त्यात बसते.

आता विमा. सर्वसमावेशक पॉलिसीत आग आणि स्वयंज्वलन यांपासून संरक्षण असते. परंतु त्याच पॉलिसीत गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी वाजवी ती सर्व काळजी घेण्याची अटही असते. दोष माहीत असून, वास येत असून टाकी भरून गाडी फिरवली, तर विमा कंपनी याच अटीवर बोट ठेवील. तिचे म्हणणे टिकेलच असे नाही, पण वारसांना किंवा आपल्याला तो वाद लढत बसावे लागेल. म्हणून वास येत असेपर्यंत गाडी चालवू नये, बंदिस्त पार्किंगमध्ये तर ठेवूच नये, आणि गाडी उभी केल्याचे कारण तारखेसह सर्व्हिस सेंटरला कळवावे. पर्यायी गाडीच्या अर्जालाही या पत्रव्यवहाराचा आधार मिळेल.

आयोगाची नोटीस गेल्यावर इतके महिने न आलेला भाग आठवड्याभरात येण्याचा संभव बराच आहे. तेव्हा दुरुस्ती अवश्य करून घ्यावी, बदललेल्या जुन्या फ्लँजचे भाग-क्रमांकासह छायाचित्र काढावे आणि टाकी पूर्ण भरून गाडी तपासून घ्यावी. त्या वेळी पुढे केल्या जाणाऱ्या समाधानपत्रात ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असे वाक्य असेल, तर ते खोडून ‘दुरुस्ती मिळाली, भरपाईची तक्रार प्रलंबित’ असे लिहूनच सही करावी.