खटावात विहिरीत काळा, थरांचा दगड लागला. पाण्यावर तेलकट तवंग आहे आणि लॅबने दगडात व्हॅनेडियम हा धातू ३०० पीपीएम सांगितलंय. हा तेलाचा शेल, म्हणजे ज्यातून तेल निघतं तो थरांचा गाळाचा खडक, असेल का?

नाही. तवंगाचं आधी सांगतो, कारण ते तुम्हालाच तपासता येईल. तवंगात काडी फिरवा. पापुद्र्यासारखे तुकडे पडून ते वेगळेच राहिले, तर ती लोहजीवाणूंची साय. खरं तेल असेल तर फाटलेली जागा लगेच भरून येते. पाणी साचून राहिलेल्या विहिरीत ही साय सर्रास दिसते.

आता व्हॅनेडियम. ३०० पीपीएम म्हणजे टनाला ३०० ग्रॅम. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, एवढं असतंच. साध्या शेलमध्ये उलट सरासरी १३० च्या आसपास. बेसॉल्टमधलं व्हॅनेडियम मुख्यतः मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांत अडकलेलं असतं. दगड कुटून भुकटीवर लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटतील.

तेलाच्या शेलमध्ये ते वेगळ्या वाटेने येतं. शेवाळ मरून तळाशी बसतं, तिथे ऑक्सिजन नसल्याने पुरतं कुजत नाही, आणि पाण्यात विरघळलेलं व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, युरेनियम त्या गाळात धरलं जातं. हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम जाऊन तिथे व्हॅनेडियम किंवा निकेल बसतं. हरितद्रव्याचे हे अवशेष आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये शेल आणि खनिज तेलात ओळखले. स्वीडनच्या रान्स्टाडला तर १९६० च्या दशकात अशाच काळ्या शेलमधून युरेनियम काढत होते.

म्हणून एकट्या व्हॅनेडियमवरून काही ठरत नाही. लॅबला सेंद्रिय कार्बन, मॉलिब्डेनम आणि युरेनियम विचारा. बेसॉल्टमध्ये हे तिन्ही नगण्य निघतात. थरांचं म्हणाल तर झिजताना आपला पाषाणही पत्र्यासारखा सुटतो.

‘खाली खोलवर असेल की’ असं कुणीतरी म्हणेलच. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल बोअर घेतलंय. तिथे साधारण सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट-नीस, म्हणजे तळाचा जुना कठीण खडक, लागला, मधे गाळाचा खडक नाहीच. तेव्हा तेलाच्या आशेवर विहीर आणखी खोल नेऊ नका. पाणी पिणार असाल तर मात्र लोह, नायट्रेट आणि फ्लोराइड तपासून घ्या.