दुखत नाही, म्हणून थांबलेले

प्रिय डॉक्टर,

आरोग्य केंद्रावर रुजू झालीस, फार बरं वाटलं. एक गोष्ट मात्र लवकर सांगायला हवी. तुझ्या ओपीडीत कॅन्सर स्वतःचं नाव सांगत येणार नाही. ‘तोंड आलंय’, ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘मूळव्याध आहे’, ‘खोकला जात नाही’ असं म्हणत तो येईल.

आपली माणसं दुखलं की येतात, आणि स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. गालाच्या आतला पांढरा चट्टाही नाही. म्हणून बाई गाठ पदराआड ठेवून अख्खा हंगाम काढते, आणि पुरुष त्या चट्ट्याशेजारीच तंबाखूचा बार भरत राहतो. ‘दुखत नाही हो’ असं रुग्ण दिलासा म्हणून सांगेल. तू मात्र तिथेच सावध हो. लाजेची लक्षणं तर याहून उशिरा कळतात. पाळी जाऊन काही वर्षं झालेली बाई ‘परत सुरू झाली’ एवढंच म्हणेल, तेही गावच्या आशा कार्यकर्तीला. संबंधानंतर रक्त जातं का, हे तूच विचारायला हवं.

उशीर रुग्णाच्या बाजूनेच होतो असं समजू नकोस. बरेच महिने आपल्या टेबलावर जातात, आणि याची मला जास्त चीड येते. स्पेक्युलम (आतून तपासायचं उपकरण) न लावता पांढऱ्या पाण्यावर गोळ्या, गुदद्वारात बोट घालून न तपासता मूळव्याधीचं मलम, थुंकीत जंतू नसतानाही टीबीचा कोर्स. लक्षण ओळखीचं असलं की हात आपोआप नेहमीचं औषध लिहितो. म्हणून प्रत्येक औषधाला मुदत घाल. टोचणारा दात घासून घेतल्यावरही दोन आठवड्यांत तोंडातली जखम भरली नाही, तर तिसरं मलम नको, बायोप्सीला, म्हणजे तुकडा काढून तपासायला पाठव. ‘सुई लावली की पसरतो’ ही भीती घरोघरी आहे; चिठ्ठी देण्याआधी त्यावर नीट बोल.

बोलण्याने काय होतं ते बार्शीत दिसलं. तिथे १९८७ साली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कर्मचारी गावोगाव जाऊन रुग्ण शोधत आणि लक्षणांची माहितीही देत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडू लागला.

निदानानंतरही लक्षणच आडवं येतं, या वेळी कमी होऊन. केमोने गाठ लहान झाली, किरणोपचाराने रक्त थांबलं, की माणसं ‘बरं झालं’ म्हणून गावी परततात. गर्भाशयमुखासाठी बाहेरून किरणोपचार साधारण पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस चालतात आणि मग आतून द्यायचे असतात. रक्त त्याच्या बऱ्याच आधी थांबू शकतं. हे घरच्यांना पहिल्या दिवशीच सांग. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला सांग. बरोबर कोण जाणार, शहरात मुक्काम कुठे, मागे गुरांचं कोण बघणार, हेही विचार. त्यांचा फोन नंबर स्वतःच्या वहीत लिही, आणि ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी फोन कर.

तुझी,
मावशी