नववीत किती पोरं आली ते आधी सांग

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला, सोबतचं उमेदवारीचं स्टेटमेंट मात्र एकदाच, परत वाचवेना. रागावू नकोस. रशियन शिकवणाऱ्यांच्या असोसिएशनच्या बोर्डवर निवडणुकीला उभं राहायचंय, बाकीचे उमेदवार युनिव्हर्सिटीतले, मी आपली हायस्कूलची टीचर, मला कोण मत देणार, हे सगळं समजलं. पण म्हणून प्रोफेसरांसारखं लिहायचं? व्हिजन काय, स्टेकहोल्डर्स काय. अख्ख्या पानात तुझ्या वर्गातलं एक पोरगं सापडलं नाही मला. न्यू जर्सीच्या पब्लिक शाळेत रशियन वन ते फोर तू एकटी ओढतेस, थ्री आणि फोर तर एकाच पिरियडला एकाच खोलीत, म्हणजे अर्ध्यांना गतिवाचक क्रियापदं समजावायची आणि अर्धे तोवर निबंध लिहितायत का मोबाइल बघतायत ते बघायचं. हे कुठे गेलं सगळं?

नववीत, म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला, रशियन वनला किती पोरं आली, तिथून सुरू कर.

तुला हे माहितीये, पण मतं देणाऱ्यांपैकी अर्ध्यांना माहीत नाही म्हणून सांगते. हिवाळ्यात कोर्स सिलेक्शनचे फॉर्म येतात, आठवीतलं पोरगं काउन्सेलरसमोर बसतं, फॉर्मवर स्पॅनिश सगळ्यात वर आणि रशियन तळाला, काउन्सेलर म्हणते स्पॅनिशच घे ना, उपयोगी पडेल. बाई वाईट नसते, बाहेर रांग लागलेली असते, तिला उरकायचं असतं. पडली टिकमार्क. असे दहा फॉर्म झाले की स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतं एवढ्याशा पोरांसाठी सेक्शन उघडत नाही, यंदा वन नाही म्हणजे पुढच्या वर्षी टू नाही, चौथ्या वर्षी खोलीला कुलूप. कुणी प्रोग्रॅम बंद केला असंही म्हणायला कोणी सापडत नाही. आणि टीचर रिटायर झाली तर तिच्या जागेची जाहिरातच निघत नाही. माझ्यानंतर निघाली ती मी वर्षभर आधीपासून प्रिन्सिपलच्या मागे हात धुऊन लागले होते म्हणून.

नववी रिकामी तर पुढे कॉलेजच्या वरच्या वर्गात कोण बसणार? हे त्या प्रोफेसर मंडळींना तोंडावर सांग. विनंती म्हणून नको. त्यांची गरज आहे ही.

तू लिहिलंयस, "मला रशियनच्या प्रसाराला हातभार लावायचा आहे". कोण नाही म्हणतंय? आटसील ही स्लाव्हिक भाषांच्या शिक्षकांची संघटना १९४१ पासून आहे, एसीटीआर ही रशियनच्या शिक्षकांची १९७४ पासून, प्रसाराची भाषणं दोन्हीकडे भरपूर झाली असतील. तू काम सांग. स्पॅनिश-फ्रेंचला कॉलेज बोर्डाची एपी परीक्षा आहे, हायस्कूलातच कॉलेजच्या पातळीची, चायनीज-जपानीला आहे, रशियनला नाही, मग हुशार पोरगं काउन्सेलरला विचारतं की चार वर्षं घालवून ट्रान्स्क्रिप्टवर काय दिसणार, आणि काउन्सेलरकडे उत्तर नसतं. ते उत्तर एका कागदावर छापून प्रत्येक शाळेच्या काउन्सेलरकडे पोचवणं, हे बोर्डाचं काम. सील ऑफ बायलिटरसी म्हणजे दोन भाषा येतात याचा डिप्लोमावरचा शिक्का, ऑलिंपियाडा म्हणजे रशियन बोलण्याची स्पर्धा, निबंध स्पर्धा, सगळं त्या एका कागदावर. बोर्डाच्या मीटिंगा दुपारी एकला ठेवतात, प्रोफेसरांना चालतं, तेव्हा तुझा रशियन टूचा तास असतो, मग हायस्कूलवाले मीटिंगला येत नाहीत अशी कुरकुर. वेळ बदला म्हण. कॉन्फरन्सला जायचं तर तुला सबसाठी, म्हणजे बदली टीचरसाठी, लेसन प्लॅन करून पर्सनल डे टाकावा लागतो, त्याचं काय ते विचार. हे लिहिलंस की के-१२ची, म्हणजे शाळांत शिकवणारी, माणसं आपोआप मत देतील, आणि ती संख्येनं कमी असली तरी चिडलेली आहेत.

मी स्वतः बोर्ड सोडला हे तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय, मेलमध्ये आडून विचारलंयस. राज्याच्या एका असोसिएशनवर होते. त्यांनी मीटिंग नेमकी ऑलिंपियाडाच्या शनिवारी ठेवली. मी गेले नाही. त्या दिवशी माझी पोरं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होती, इथे परीक्षकाशी गप्पा, तिथे पुश्किनची कविता पाठ म्हणायची, आणि एक लाजरा मुलगा दाराबाहेर तळहात जीन्सला पुसत ओठांतल्या ओठांत ओळी घोकत उभा होता. त्याला सोडून मी कसल्या मिनिट्स मंजूर करायला जाऊ? हेकट म्हणाले मला. असेन. आजही तेच करेन. ज्या खुर्चीसाठी वर्ग सोडावा लागतो ती खुर्ची माझ्या काय कामाची? हां, माझ्यामागे तिथे हायस्कूलचं कोणीच उरलं नाही ते वाईट झालं, पण ते मी एकटीनं का भरायचं? म्हणून तर तुला लिहितेय.

आणि "सध्याच्या परिस्थितीत रशियनचं नाव काढायला संकोच वाटतो" हे वाक्य काढून टाक. संकोच कसला? १९५७ला स्पुटनिक उडालं आणि पुढच्याच वर्षी इथे भाषांसाठी सरकारी पैसा आला, रशियन त्यात पुढे. १९९१ला सोव्हिएत युनियन गेलं आणि ओघ आटला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी रशियन शिकले तेव्हा स्वस्त सोव्हिएत पुस्तकं आणि मॉस्कोच्या स्कॉलरशिपची स्वप्नं होती, तीही त्याच लाटेवरची. २०२२च्या युक्रेन युद्धानंतर पालक विचारतात रशियन कशाला? सरळ सांग, ही भाषा कझाकस्तानात बोलतात, किर्गिझस्तानात बोलतात, न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचवर तुझ्या शाळेतल्या पोरांच्या आज्या बोलतात, यात क्रेमलिनचा काय संबंध? बातम्यांच्या जोरावर आलेली पोरं बातम्यांबरोबर जातात. तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, नववीचा वर्ग, तो दर वर्षी स्वतः मिडल स्कूलच्या दारात उभं राहून भरायचा.

मावशी म्हणतेस ना, मग ऐक. ते स्टेटमेंट पूर्ण फाड. पहिल्या ओळीत यंदाचा रशियन वनचा आकडा, दुसरीत तो कुणामुळे घटला, तिसरीत बोर्डावर गेल्यावर तू काय मागणार. बायलॉज आणि गेल्या दोन-तीन वर्षांच्या मिनिट्स वाचून मगच लिही, म्हणजे जे आधीच नाकारलंय तेच परत मागून हसं होणार नाही. आणि त्या प्रोफेसर बाईंना नॉमिनेशनसाठी फोन करायला लाजतेस म्हणतेस, कमाल आहे, पस्तीस टीनएजरांसमोर उभी राहतेस की रोज.

रविवारपर्यंत नवीन मसुदा पाठव. अर्जाची शेवटची तारीख कधी आहे ते तू लिहिलंच नाहीस, आधी ते कळव.

तुझी,
मावशी